पहिली परीकथा लिहिताना : ठाणे-नवी मुंबईच्या नवोदितांसाठी

परीकथा किंवा अद्भुतकथा लिहायची आहे असं सांगणारे बरेच जण भेटतात. कुणी घोडबंदर रोडला राहतं, कुणी ऐरोलीला, कुणी नेरुळला. डोक्यात कल्पना भरपूर असतात: बोलणारी झाडं, पाण्याखालची गावं, आरशातून पलीकडे जाणारी मुलं. चार-पाच पानं झपाट्याने होतात आणि मग गोष्ट अडते. सुटीत पुन्हा सुरू होते, पुन्हा अडते.

कल्पना कमी पडल्यामुळे गोष्ट अडली असं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. जादूला नियम नसतो, म्हणून गोष्ट अडते. जिथे काहीही घडू शकतं, तिथे पुढे काय होईल याची धाकधूक वाचकाला वाटत नाही आणि काही दिवसांनी लेखकालाही वाटेनाशी होते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी नियमाला दिली आहे. बाकीच्या पायऱ्या गरजेपुरत्या.

जवळ काय हवं

- एक वही आणि पेन्सिल. पहिला आराखडा हातानेच करा.
- तिथी दाखवणारी दिनदर्शिका किंवा पंचांग. कशासाठी, ते चौथ्या पायरीत येईल.
- फोनमधला रेकॉर्डर, मोठ्यांकडून गोष्टी ऐकताना लागेल.
- युनिकोड मराठी कळफलक. इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकलात तर उत्तम, पण जीबोर्ड किंवा बोलून टाइप करणंही चालेल.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, आता इंटरनेटवर शोधता येतो. होडीचे भाग, दिव्यांचे प्रकार, जुनी मापं यांसाठी त्याच्यासारखा सोबती नाही.
- जवळच्या ग्रंथालयाचं सभासदत्व. अर्जासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामत रक्कम लागते. जाण्याआधी फोन करून विचारून घ्या.

## १. कोणती गोष्ट लिहिताय ते ठरवा

लोककथेचं पुनर्लेखन, नवी परीकथा आणि अद्भुत कादंबरी ही तीन वेगळी कामं आहेत. परीकथेत माणसं थोडी, वर्णन कमी आणि घटना भराभर असतात. कादंबरीत अख्खं जग उभं करावं लागतं: तिथली नाणी, सण, भांडणं, जेवण. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने दीड-दोन हजार शब्दांची एक नवी परीकथा पूर्ण करावी असं माझं ठाम मत आहे. सात खंडांच्या मालिकेचा नकाशा रंगवत बसू नका. नकाशा काढायला फार मजा येते, हाच त्यातला धोका आहे.

## २. आधी ऐका, मग वाचा

आपल्याकडे अद्भुताचा साठा प्रचंड आहे. श्रावणातल्या कहाण्या, चिमणी-कावळ्याच्या गोष्टी, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी, ओव्या, जात्यावरची गाणी. घरात आजी, आत्या, मावशी असतील तर आधी त्यांच्यापाशी बसा. 'गोष्ट सांग' म्हटलं की बऱ्याच जणी 'मला कुठे येते' म्हणतात. त्याऐवजी 'श्रावणी सोमवारी तुमच्याकडे कोण कहाणी वाचायचं?' असं विचारा. गोष्ट आपोआप येते. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या, आणि ऐकताना मध्ये दुरुस्त्या करू नका. त्यांनी काय विसरलं आणि काय घट्ट लक्षात ठेवलं, दोन्ही तुमच्या कामाचं आहे.

वाचनासाठी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे, तारा भवाळकर ही अभ्यासकांची नावं सांगून लोकसाहित्याच्या कपाटापाशी जा. मुलांसाठी आजवर काय लिहिलं गेलं हे बघायचं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक पाहा. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

इथे फसायला होतं: लोककथा कुणाच्याच मालकीची नसते, पण ती गोळा करून ज्याने स्वतःच्या शब्दांत लिहिली, त्याच्या शब्दांवर त्याचा हक्क असतो. आपल्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पुस्तकातून वाक्यं उचलून 'लोककथाच आहे' म्हणणं चालत नाही. कथा घ्या, शब्द तुमचे असू द्या.

## ३. जागा पायांनी बघून या

पहिल्या परीकथेत बर्फाचे डोंगर, धुराडी असलेली घरं आणि दगडी किल्ल्यातली राजकन्या का येते, याचं उत्तर सोपं आहे: वाचनात आणि पडद्यावर तेच पाहिलेलं असतं. बर्फावर लिहायला बंदी नाही. पण बर्फावर चालताना पायाला काय वाटतं हे ठाऊक नसेल, तर वर्णन दुसऱ्याच्या वर्णनावरून येतं आणि मुलांना ते लगेच कळतं.

आपल्या आसपास काय कमी आहे? येऊरच्या जंगलात आजही बिबटे आहेत आणि जंगलाला लागून इमारती आहेत. ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. पारसिकच्या डोंगरातून १९१६ सालचा बोगदा जातो. मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचं देऊळ आहे आणि कधीकाळी ठाणे ही शिलाहार राजांची राजधानी होती. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. सेक्टरच्या आकड्यांमध्ये गावदेवीची देवळं, विहिरी, जुने वड अजून सापडतात. नव्या इमारतींच्या गर्दीत आपली वेस शोधत फिरणारी गावदेवी, एवढ्यावर एक गोष्ट उभी राहू शकते.

एकच जागा निवडा आणि तिथे वेगवेगळ्या वेळी जा. पहाटे, भर दुपारी, पावसात. वहीत सुंदर वाक्यं लिहू नका, वास लिहा, आवाज लिहा, लोक कुठे बसतात ते लिहा. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की त्यात बारीक टक-टक असा आवाज येत राहतो. खारफुटीच्या मुळांशी वाकून बघितलं तर निवटे चिखलावर सरपटताना दिसतात, मासा असून पाण्याबाहेर. अशी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली असली की दहा ओळींचं वर्णन लिहावं लागत नाही.

आणखी एक सावधगिरी: येऊरच्या पाड्यांवर आणि ठाणे-पालघरच्या वारली गावांत वाघोबा हा देव आहे. वाघबारस हा तिथला सण आहे. तो गोष्टीत आणायचा असेल तर नुसता सजावटीला किंवा खलनायक म्हणून आणू नका. ज्यांचा तो देव आहे त्या माणसांशी बोला, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा आणि ते 'हे नको' म्हणाले तर काढा. वारली चौक म्हणजे भिंतीवर काढतात त्या चित्राचंही तसंच. तो लग्नाच्या विधीचा भाग आहे, मुखपृष्ठावरची नक्षी नव्हे.

## ४. जादूचा नियम ठरवा

ही पायरी घाईने ओलांडू नका.

नियम म्हणजे काय, ते खुलभर दुधाच्या कहाणीत बघा. राजाला वाटतं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. तो दवंडी पिटतो: गावातलं सगळं दूध देवळात आणा. लोक धाकाने घरातलं सगळं दूध आणून ओततात. मुलांना मिळत नाही, वासरांना मिळत नाही. गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी घरातली कामं उरकते, मुलाबाळांना, लेकीसुनांना पोटभर देते, गाईवासरांचं करते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. ती ते ओतते आणि गाभारा भरून जातो.

या कहाणीतला चमत्कार आंधळा नाही. घरातल्या जिवांना तृप्त करून उरलेलंच दूध गाभाऱ्याला चालतं, हा त्याचा नियम. पण कहाणी तो आधी सांगत नाही. आधी राजाची हार दाखवते, मग म्हातारीची पद्धत, आणि ऐकणाऱ्याला स्वतःहून समजू देते. गाभारा नुसताच एका म्हातारीच्या दुधाने भरला असता तर ही गोष्ट इतकी वर्षं कुणी सांगितली नसती.

दुसऱ्या कहाण्यांत नियम उघड सांगितलेला असतो: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. तो मोडला की वैभव जातं आणि पुन्हा पाळला की परत येतं. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये तिकडच्या परीकथा उलगडून त्यांतल्या ३१ हालचालींची यादी केली. त्यात दुसरी आहे मनाई आणि तिसरी मनाईचा भंग. श्रावणात पाटावर बसून कहाण्या ऐकलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल.

आता हे तुमच्या गोष्टीत कसं करायचं? एक आराखडा इथेच रचून दाखवते.

जागा: चेंदणी कोळीवाडा आणि समोरची खाडी. मुलगी: जनी, वय दहा. तिच्या आजीकडे एक जुना पाग आहे, म्हणजे फेकायचं जाळं. जादू: त्या पागात माणसांच्या हरवलेल्या गोष्टी सापडतात.

एवढ्यावर लिहायला बसलात तर तिसऱ्या पानावर अडाल, कारण जनी रोज जाळं टाकेल आणि रोज काहीतरी सापडेल. नियम हवा. तो मी खाडीकडूनच घेते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी थोडंच हलतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला बाराच्या जवळ. दिवसा आणि रात्रीही.

म्हणून नियम असा: पाग फक्त उधाणाच्या रात्री टाकायचा. खाडी हरवलेलं परत देते, पण पाणी पूर्ण उतरायच्या आत आपल्याकडचं तितकंच आवडतं काहीतरी तिला द्यायचं. दिलं नाही तर खाडी स्वतः निवडून घेते. आणि तिने दिलेलं ती परत घेत नाही.

आता बघा गोष्ट कशी आपली आपण चालू लागते. पौर्णिमेला मध्यरात्री पाणी भरतं, म्हणजे जनीला घरातून चोरून निघावं लागेल. ओहोटी पहाटेपर्यंत चालते, म्हणजे मुदत उजाडेपर्यंतची. तिला हवी आहे गेलेल्या आजोबांची शीळ, ज्या शिळेने ते होड्यांना हाक मारत. शीळ मिळते. बदल्यात ती पायातली एक पट्टी पाण्यात टाकते. चांदीची आहे, पण तिला ती कधीच आवडली नव्हती, रुतायची. खाडीला हे कळतं. अष्टमीच्या दिवशी आजी जनीच्या केसांना तेल लावता लावता ओवी म्हणायला लागते आणि दुसऱ्या ओळीला थांबते. पुढचे शब्द नाहीत. दुसरी ओवी घेते, तीही नाही. जनीला समजतं की खाडीने काय निवडलं. आता अमावास्येच्या उधाणापर्यंत सात दिवस आहेत, आणि त्या रात्री चंद्र नसेल.

जनीने काय द्यावं, इथे मी थांबते. तुमचं उत्तर वेगळं असेल आणि ते शोधणं हाच लिहिण्याचा भाग आहे. पण अंधार, मुदत, चोरी, अपराधीपणा यातलं काहीही मला वेगळं सुचवावं लागलं नाही, हे लक्षात घ्या. सगळं नियमातून आलं.

तुमचा नियम असाच तपासा. तो एका दमात सांगता येतो का? सांगता सांगता 'पण जर', 'मात्र कधी कधी' येऊ लागलं तर तो अजून शिजलेला नाही. जादू वापरणाऱ्याला किंमत मोजावी लागते का, आणि ती किंमत त्याला खरोखर बोचते का? शेवटची सुटका त्याच नियमातून होते की अचानक आलेल्या नव्या शक्तीने? शेवटच्या पानावर परी येऊन सगळं ठीक करत असेल, तर ती पहिल्या पानावर का आली नाही, हे आठ वर्षांचं मूलही विचारतं. 'ते सगळं स्वप्न होतं' हा शेवट तर कधीच करू नका. वाचकाने जिवाची घालमेल करून घेतली, त्याचा तो अपमान आहे.

नियम ठरला की तो एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावा. मोडायचा असेल तर पात्राने मोडावा, लेखकाने नाही.

## ५. पात्राला काहीतरी हवं असू द्या

'चांगली, हुशार, धाडसी मुलगी' एवढ्याने भागत नाही. तिला हातात धरता येईल असं किंवा नाव घेता येईल असं काहीतरी हवं असू द्या: शीळ, चप्पल, भावाचा अबोला संपणं. 'स्वतःचा शोध' वगैरे आपोआप होतो, तो उद्देश म्हणून लिहू नका. पहिल्या पानावर हवं ते कळलं पाहिजे, एवढंच.

## ६. भाषा आणि नावं

परीकथा ऐकण्यासाठी असते, म्हणून वाक्यं श्वासाच्या लांबीची ठेवा. 'आटपाट नगर होतं' या तीन शब्दांत नगर उभं राहतं. पहिल्या परिच्छेदात तुम्हाला तेवढं जमतंय का ते बघा. 'अवर्णनीय', 'अद्भुत', 'मंत्रमुग्ध' असे शब्द आले की तिथे काय दिसलं ते लिहायचं राहून गेलं असं समजा.

नावांचा मोह मोठा असतो. झायरॉन, एल्डोरा, थॅरिस अशी नावं कुठलीही असू शकतात, म्हणून ती कुठलीच वाटत नाहीत. गावांची, झाडांची, माशांची, नक्षत्रांची नावं काढा. मघा नावाची चेटकीण, बोय नावाचा चपळ मुलगा, समुद्रफळाच्या झाडाखालचा पहारेकरी. मराठी जिभेवर सहज बसतात आणि चित्रही सोबत आणतात.

आगरी-कोळी बोलीत संवाद लिहायचे असतील तर ती बोली रोज बोलणाऱ्या कुणाकडून प्रत्येक ओळ तपासून घ्या. एरवी साधी मराठी ठेवा. अर्धवट बोली त्या माणसांना विनोदी करून टाकते, आणि तो अन्याय आहे.

## ७. मोठ्याने वाचून दाखवा

कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात गुणाढ्य नावाच्या कथाकाराची गोष्ट येते. सातवाहन राजाने त्याची बृहत्कथा नाकारली, तेव्हा तो रानात अग्नी पेटवून बसला आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. पशुपक्षी चरणं सोडून भोवती जमले आणि ऐकत राहिले. इकडे राजाच्या ताटात रोडावलेल्या जनावरांचं सुकं मांस येऊ लागलं, तो आजारी पडला आणि चौकशी करत रानात पोहोचला. तोवर सात लाखांपैकी एक लाख श्लोक उरले होते. या गुणाढ्याचं नाव आपल्या पैठणशी, त्या काळच्या प्रतिष्ठानशी, जोडलेलं आहे.

गोष्टीची परीक्षा यापेक्षा चांगली मला माहीत नाही: ऐकणारा खायचं विसरतो का? सोसायटीतल्या, शेजारच्या चार-पाच मुलांना बोलवा, खाऊ द्या आणि वाचायला लागा. नाट्यमय आवाज काढू नका, नाहीतर मुलं आवाजावर रमतील. खाऊ हातात तसाच राहिला त्या ओळीपाशी खूण करा. मुलं पाय हलवू लागली, खिडकीबाहेर बघू लागली, तिथेही खूण करा. 'आवडली का?' असं विचारू नका, ती 'हो' म्हणतात. 'पुढे काय होईल?' असं मध्येच थांबून विचारा. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं तर नियम फार उघडा पडलाय. कुणालाच काही सुचलं नाही तर तो पोहोचलेलाच नाही.

## ८. पुन्हा लिहा

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला खंड १८१२ साली आला आणि १८५७ पर्यंत ते आवृत्तीमागून आवृत्तीत कथा बदलत राहिले. मुलांना रानात सोडून येणारी सख्खी आई पुढे सावत्र झाली. आज जगाला 'मूळ' वाटणारी परीकथा इतकी घासून आलेली आहे. तुमचा पहिला खर्डा निदान तीन आठवडे बाजूला ठेवा आणि मग फक्त खुणा केलेल्या जागांवर काम करा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

## ९. पाठवताना

मराठीत परीकथेला सगळ्यात मोठं दार दिवाळी अंकांचं आहे. ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. मुलांसाठीचे अंक वेगळे निघतात. संपादकांचं काम पावसाळ्याआधीच सुरू होतं, म्हणून मे-जूनमध्ये गोष्ट तयार हवी. गणपतीनंतर पाठवलेली गोष्ट बहुधा पुढच्या वर्षावर जाते.

सोबत काय लागतं:

- युनिकोडमधली वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्या संगणकावर निरर्थक अक्षरांची होते.
- कथा स्वतंत्र, स्वलिखित आणि अप्रकाशित असल्याचं दोन ओळींचं निवेदन. लोककथेवर आधारलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा.
- चार ओळींचा परिचय, पत्ता, फोन.
- मानधन देणारा अंक असेल तर पॅन आणि बँकेचे तपशील. हे कथा स्वीकारल्यावरच द्या.

शब्दमर्यादा आधी विचारा आणि पाळा.

पुस्तक काढायचा विचार असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कुणी वेगळे पैसे लावत असेल तर कशाचे, ते लेखी विचारा. आणि कॉपीराइट लिहिताक्षणी तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीसाठी तिचं शुल्क ५०० रुपये. 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं वाक्य करारात दिसलं तर सही करू नका. मुदत आणि कोणते हक्क, हे लिहून घ्या.

एकच गोष्ट एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. दिवाळी होऊन गेली आणि उत्तर आलं नाही, तर 'कथा मागे घेत आहे' असा एक नम्र मेल करा आणि मग दुसरीकडे द्या. मधल्या काळात वहीतली दुसरी जागा निवडून तिथली भरती-ओहोटी, माणसं आणि नियम शोधायला सुरुवात करा.